‘अर्धी जोडी’चं दुसरं कडवं

कर्नल प्रेशरकडे बावीस वर्षं एकच गाणं होतं, आणि त्या गाण्याचं दुसरं कडवं बावीस वर्षांत कुणीही ऐकलं नव्हतं. त्यात कर्नलही आला.

दोष त्याचा नव्हता, लोकांचा होता. आमच्या क्लॅरेंडन परगण्यात गाणं आवडलं की लोक ते ऐकत नाहीत. पत्र्याचं कुंपण बडवतात, पातेल्यांची झाकणं एकमेकांवर आपटतात, “फिरव! फिरव!” असा गिल्ला करतात. मग सिलेक्टरला, म्हणजे तबकड्या लावणाऱ्याला, तबकडी हातानं उलटी फिरवून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. नाही केलं तर बाटली येते. काही मुलखांत म्हणे गाणं संपल्यावर वन्समोअर देतात. संपल्यावर देऊन उपयोग काय, हे आम्हाला कधी कळलेलं नाही. म्हणून आमच्याकडे डीजेची, म्हणजे ठेक्यावर माईकमधून बोल फेकणाऱ्याची, किंमत तो किती म्हणतो यावर ठरत नाही. त्याला किती वेळा अडवतात यावर ठरते.

कर्नलला चौथ्या ओळीला अडवायचे. त्याचं ‘अर्धी जोडी’ असं होतं (याम म्हणजे आमच्याकडचा, भाकरीच्या जागी खायचा कंद):

अर्धी भिंत बांधलीस, अर्धं दार रंगवलंस,
अर्धा याम खाल्लास, अर्धा कुत्र्याला घातलास,
अर्धी शाळा शिकलास, अर्ध्या वाटेत पळालास,
मोज्यांची अर्धी जोडी घालून कुठल्या पोरीकडं निघालास?

‘निघालास’ला तो उजवा पाय कमरेपर्यंत उचलायचा. पायात मोजा नसायचा. डाव्या पायात असायचा, भडक पिवळा, गुडघ्यापर्यंत ओढलेला. बस, तो उघडा पाय दिसला की झाकणं वाजलीच. तबकडी मागे. पुन्हा ‘अर्धी भिंत’. पुन्हा पाय. एका कार्यक्रमात अकरा वेळा फिरवलं, तेव्हा शेवटी पाय वर गेला तो खाली येईना, दोघांनी धरून आणला. तेही लोकांना आवडलं.

त्याची ताकद शब्दांत नव्हती, हे मी त्याच्या तोंडावर सांगायचो. ताकद होती ती अंगात. मंचावर तो साधा चालत कधी आलाच नाही. एका वर्षी उसाच्या ट्रॅक्टरवर उभा राहून आला, एका वर्षी बर्फाच्या गाडीतून वाफ सोडत निघाला, एका वर्षी चौघांनी खांद्यावर कपाट आणलं आणि कपाटातून हा. माईक हातात आला की गुडघे रबराचे व्हायचे, मान एकीकडे, कंबर तिसरीकडे, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसाच्या छातीवर थाप बसल्यासारखी वाटावी. चार ओळींत तो जेवढा घाम काढायचा तेवढा आमच्या आमदारानं तीन निवडणुकांत काढला नाही.

गाण्याची तबकडी बाजारात निघाली नव्हती. वेगवेगळ्या साउंडवाल्यांना, म्हणजे तबकड्या आणि स्पीकर घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांना, तो खास छापून द्यायचा: चार ओळी, मग त्या साउंडचं नाव, मग त्याच्या शत्रूला दोन शिव्या. त्यामुळे पुढचं कडवं लिहायची वेळच आली नाही. लागलंच नाही, तर लिहा कशाला? छत्री नसलेल्या माणसाला पाऊस लागेपर्यंत छत्रीची आठवण होत नाही, तसं.

कर्नलचं खरं नाव एजर्टन प्यूसी. त्याची आई मिस आयोना आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. वय शहात्तर, चर्चमधली जागा डावीकडून दुसरी, आणि तिच्या मते डान्सहॉल, म्हणजे हे असलं माईकवरचं गाणं-नाचणं, हे सैतानाच्या दिवाणखान्यातलं फर्निचर. बावीस वर्षं ती लोकांना सांगत आली की एजर्टन ‘इलेक्ट्रिकच्या कामात’ आहे. यात खोटं काही नव्हतं. वीज गेली की त्याचं काम बंदच पडायचं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडवलं दवाखान्यातल्या नर्सनं. रक्तदाब मोजायला मिस आयोना रांगेत बसली होती. नर्सनं कागदावरचं आडनाव वाचलं आणि किंचाळली, “प्यूसी? कर्नल प्रेशरची आई? अगं बाई! या, या, पुढं या!” मिस आयोनाला एकवीस माणसं ओलांडून आत नेलं. एवढंच नव्हे, रांगेतला एक म्हातारा उठला आणि त्यानं तिच्यासमोर पाय उचलून दाखवला. दाब नेहमीपेक्षा वीसनं जास्त निघाला.

त्या रविवारी एजर्टन आईकडे जेवायला आला. मीही होतो. माझं स्वैपाकघर बंद असतं आणि तिचं चालू, म्हणून मी असतोच.

“एजर्टन,” ती म्हणाली, “ते गाणं घाण आहे का?”

“नाही मम्मा.”

“बायकांच्या कमरेबद्दल आहे?”

“नाही.”

“बंदुका?”

“एकसुद्धा नाही. मिस्टर लेसना विचार.”

मी म्हणालो, “मिस आयोना, त्यात एक याम आहे आणि एक कुत्रा. बाकी सगळं गृहबांधणी.”

तिनं भाताचं पातेलं झाकलं. “मग हार्वेस्टच्या, सुगीच्या कार्यक्रमाला म्हण. सगळ्या चर्चपुढं. पण सगळं, बरं का. सुरुवातीपासून आमेनपर्यंत.” मग माझ्याकडे वळली. “या पोरानं जन्मात एक गोष्ट पुरी केलेली नाही. अंगणातली भिंत बघा. मला मरायच्या आधी एकदा याची एक गोष्ट पुरी झालेली बघायचीय.”

अंगणातली भिंत खरोखर अर्धी होती. घराचं मागचं छप्परही बरीच वर्षं अर्धं होतं, पण ते एजर्टनच्या बापाचं काम. तो अमेरिकेत सफरचंदं तोडायच्या कंत्राटावर गेला आणि तिकडेच पिकला.

“म्हणेन की,” एजर्टन म्हणाला. मी त्याच्या ताटाकडे पाहिलं. ‘आमेनपर्यंत’ ऐकल्यापासून त्यानं यामला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्यावर.

“मिस्टर लेस, तुम्ही पेपरात तीस वर्षं मंत्र्यांची टर उडवलीत. मला चार ओळी लिहून द्या.”

“चर्चवाले फिरवायला लावणार नाहीत?”

“ते टाळ्यासुद्धा हातमोजे घालून वाजवतात. पहिलं कडवं संपलं की गप्प बसून पुढच्याची वाट बघतील. आणि पुढं काही नाही. मम्माला कळेल की बावीस वर्षं मी अर्ध्या गाण्यावर भाकरी खाल्ली.”

“मग स्वतः लिही.”

“बावीस वर्षं बसतोय लिहायला! काय लिहायचं तेच कळत नाही. मोज्याच्या पुढं काय असतं?”

मी तीन दिवस खपलो. रस्त्यातले खड्डे, पाणीपुरवठा खातं, एक मंत्री, असं सगळं यमकात बसवलं. मला ते फार आवडलं. त्यानं उभं राहून, गुडघे हलवत म्हणून पाहिलं आणि दुसऱ्या ओळीला थांबला.

“हे वाचायला बरं आहे,” तो म्हणाला. “पाय उचलावासा वाटत नाही.”

“कुठल्या शब्दाला अडतोयस?”

“कुठल्याच नाही. तेच तर. यात कुणी कुणावर ओरडत नाहीये.”

शेवटी त्याचा सिलेक्टर बिस्किट यानं तोडगा काढला. बिस्किट एवढा बारीक की स्पीकरमागे उभा राहिला तर साउंड आपोआप चालतोय असं वाटतं. तो म्हणाला, “शेवटच्या बाकावर आपली चार माणसं बसवू, झाकणं देऊन. ती वाजवतील, मी फिरवीन. चार-पाच वेळा फिरवलं की पास्टर घड्याळ बघतील. आमेन.”

योजना चांगली होती. फक्त झाकणं बिस्किटनं चर्चच्या मागच्या अंगणातूनच घेतली, तिथं दुपारच्या जेवणाची पातेली होती म्हणून. कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं चर्चची व्यवस्था बघणाऱ्या डीकन व्हायलीनं शेवटच्या बाकाशी येऊन चारही झाकणं काढून घेतली. “भातावर माश्या बसतायत, आणि तुम्ही टोप्यांसारखी मांडीवर घेऊन बसलाय? तुमच्या आयांना सांगू?” चारही माणसं चाळिशीच्या पुढची होती. झाकणं दिली.

दुपारचे तीन. चर्च भरलेलं. वेदीपुढं हार्वेस्टचा ढीग: हातभर लांब यामचे कंद, भोपळे, कच्च्या केळ्यांचे घड, दोन्ही बाजूंना ऊस उभा बांधलेला. बायकांच्या टोप्या अशा की मागच्याला पास्टर तुकड्या-तुकड्यांत दिसावेत. एका मुलीनं कविता म्हटली, गायकवृंदानं तीन गीतं म्हटली, डीकन व्हायलीनं बासरी वाजवली आणि सगळ्यांनी त्याला क्षमा केली. मग पास्टर हेमिंग्ज उठले. “आता आपल्या सिस्टर प्यूसींचे चिरंजीव एक… रचना सादर करतील.” आमच्या चर्चमध्ये प्रत्येक मोठी बाई सिस्टरच.

एजर्टन आला तो साधा दारातून. कपाट नाही, ट्रॅक्टर नाही. अंगात चंदेरी कोट, पास्टरांच्या विनंतीवरून गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डाव्या पायात पिवळा मोजा. पहिल्या बाकावर मिस आयोना, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

बिस्किटनं ठेका सोडला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, ढिगावरचं एक लिंबू घरंगळत खाली आलं. आणि एजर्टनच्या अंगात ते आलं. याबाबतीत मी त्याला कधीच कमी लेखणार नाही. एका उडीत तो वेदीपासून पहिल्या बाकापर्यंत, दुसरीत परत. गुडघे सुटले, मान फिरली, कोटाचं वरचं बटण गोळीसारखं उडालं. “अर्धी भिंत बांधलीस!” म्हणताना हवेत विटा रचल्या, “अर्धा कुत्र्याला घातलास!” म्हणताना डीकनकडे बोट दाखवलं, आणि “निघालास!”ला उजवा पाय वर, उघडा, चकचकीत.

शांतता.

कागदी पंखे हलत होते. कुणीतरी बारीक आवाजात “आमेन” म्हटलं. शेवटच्या बाकावरच्या चौघांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं.

बिस्किटनं तबकडी मागे ओढली. खर्रर्र. पुन्हा ‘अर्धी भिंत’. पुन्हा पाय. पुन्हा पंखे. खर्रर्र.

“यंत्र बिघडलंय वाटतं,” डीकन व्हायली म्हणाला आणि मदतीला निघाला. तो रेडिओ दुरुस्त करत असे.

तिसऱ्यांदा बिस्किटचा हात तबकडीकडे गेला तशी मिस आयोना उभी राहिली. “बिस्किट. हात काढ.”

“मिस आयोना, लोकांना…”

“लोकांनी काही मागितलेलं नाही. हात वर. दोन्ही. असा. आता पोराला पुरं करू दे.”

बिस्किट पोलिसानं अडवल्यासारखा हात वर करून उभा राहिला. ठेका चालू राहिला. पहिल्यांदाच तो चौथ्या ओळीच्या पुढं गेला होता, आणि मला वाटतं त्या ठेक्यालाही पुढचा रस्ता माहीत नव्हता.

एजर्टननं होतं नव्हतं ते सगळं काढलं. गिरकी घेतली. टॉवेल फिरवला. “हे! हो!” केलं. कोट काढून उसावर फेकला. स्पीकरवर चढला, स्पीकरवरून उतरला. गुडघ्यांवर घसरत भोपळ्यांपर्यंत गेला. दोन मिनिटं मी जे पाहिलं, तसं त्यानं आयुष्यात कधी केलं नसेल. एक म्हातारी सिस्टर शेजारणीला म्हणाली, “पोराला काहीतरी सांगायचंय गं.”

आणि मग तो थांबला. छाती भात्यासारखी चाललेली. माईक तोंडाशी नेऊन म्हणाला, “मम्मा, एवढंच आहे. पुढचं नाही. पुढचं मी लिहिलंच नाही.”

सगळं चर्च तिच्याकडे बघायला लागलं. ती अजून उभीच होती.

“लिहिणार कसा?” ती म्हणाली. “पुढचं तू ऐकलंस कुठं?”

“काय?”

“हे माझे शब्द आहेत, एजर्टन. तुला काय वाटलं, मी ओळखणार नाही? माझ्या अंगणात, जूनच्या महिन्यात, तो किंग्स्टनचा साउंडचा ट्रक फाटकाशी भोंगा वाजवत उभा होता आणि मी तुला बोलत होते. मोज्यापर्यंत आले आणि तू पळालास. एका मोज्यावर ट्रकमध्ये चढलास. पुढचं मी आंब्याच्या झाडाला ऐकवलं.”

मी त्या वेळी पलीकडच्या ओट्यावर होतो. ओरडणं मला आठवत होतं. पण तिच्याकडचं ओरडणं म्हणजे कोंबड्याचं आरवणं, कोण शब्द धरून ठेवतो?

“मग… पुढं काय होतं?” एजर्टननं विचारलं. माईक अजून तोंडाशी होता, त्यामुळे प्रश्न रस्त्यापर्यंत गेला.

मिस आयोनानं पर्स बाकावर ठेवली. पुढं आली. एक हात कमरेवर गेला, दुसऱ्याचं बोट वर. मान एकीकडे, कंबर तिसरीकडे. आणि तेव्हा मला, आणि बहुधा सगळ्या चर्चला, एकदम समजलं की या माणसानं बावीस वर्षं मंचावर कुणाची नक्कल केली. तिनं माईक घेतला नाही. तिला लागत नाही.

“अर्धा तास ओरडले, अर्धा आवाज बसला माझा!”

पहिल्या बाकावरच्या टोप्या हलल्या.

“अर्धं ताट झाकून ठेवलं, अर्धा जीव गेला माझा!”

ठेक्यावर बरोब्बर. डफ असलेल्या सिस्टरनं न विचारता डफ वाजवला.

“तुझा बाप सफरचंदाला गेला अर्धं छप्पर घालून,”

आणि इथं तिनं बोट छपराकडे नेलं, मग उजवा पाय जमिनीवर असा आपटला की ढिगावरचा भोपळा सुटला आणि मधल्या वाटेनं दारापर्यंत गडगडत गेला.

चर्च फुटलं. त्याला दुसरा शब्द नाही. बाकं बडवली गेली, टोप्या उडाल्या, गायकवृंद एका आवाजात ओरडला. मागच्या अंगणातून जेवण बघणाऱ्या बायका झाकणं घेऊन आत आल्या आणि वाजवायला लागल्या. भातावर माश्या बसल्या असतील, बसू देत. आणि त्या गदारोळात एक खणखणीत आवाज: “फिरव! फिरव!” तो पास्टर हेमिंग्जचा होता. त्यांना आजही तो आठवत नाही.

बिस्किटचा हात आपोआप खाली आला. बावीस वर्षांची सवय. खर्रर्र.

“अरे थांबा!” मिस आयोना ओरडली. “माझं संपलं नाही!”

ठेका पहिल्यापासून. एजर्टननं डोळे पुसले, कपाळही पुसलं, म्हणजे फरक कळू नये, आणि सुरू झाला. अर्धी भिंत, अर्धं दार, पाय वर, मग आईकडे हात. अर्धा तास, अर्धं ताट, बाप, छप्पर, पाय खाली. “फिरव!” खर्रर्र. सात वेळा. सातही वेळा तिला तिसऱ्या ओळीला अडवलं आणि सातही वेळा तिनं बिस्किटला गाढव म्हटलं. शेवटी डीकन व्हायलीनं जाहीर केलं की मटण गार होतंय, आणि ही एकच गोष्ट आमच्याकडे गाणं थांबवू शकते.

मागच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती. मिस आयोनाला मधोमध बसवलं. ती रागातच होती. कुणी येऊन तिचा हात दाबत होतं, कुणी पाय आपटून दाखवत होतं.

“कसली ही माणसं,” ती म्हणाली. “पुरं ऐकूनच घेत नाहीत.”

“मी बावीस वर्षं काय सोसलं, कळलं?” एजर्टन म्हणाला. त्याचा कोट उसाच्या रसानं पाठीला चिकटला होता. त्यानं तिच्या ताटात मटण वाढलं, आपल्या ताटात वाढलं, मग जरा थांबून माझ्याही. “मम्मा, चौथी ओळ काय होती?”

“जेव.”

“सांग ना.”

तिनं हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. मग ओरडायच्या आवाजात नाही, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली:

“जायचं तर जा, पण दुसरा मोजा दोरीवर आहे, जा घालून.”

एजर्टननं घास परत ताटात ठेवला. त्यानं विचारलं, “म्हणजे तू मला अडवत नव्हतीस?”

“ट्रकला कोण अडवणार? उघड्या पायानं बूट चावतो, एवढंच.”

मी भातात लक्ष घातलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी झाकण वाजवून “अर्धी भिंत” सुरू केलं होतं, आणि दुसरं कुणीतरी त्याला पहिल्याच ओळीला अडवत होतं.

“आहे का अजून तो?” एजर्टन म्हणाला.

“काय?”

“मोजा.”

“बावीस वर्षं दोरीवर ठेवू?” ती म्हणाली. “अर्धं वर्ष ठेवला. ख्रिसमसला तू नवे घालून आलास. मग मी त्यानं भांडी पुसली.”